कोर्टासाठी मन तपासणारे मानसशास्त्रज्ञ

मुलीने मानसशास्त्र घेतलं तर हल्ली घरात फारशी खळखळ होत नाही. पण ‘मला फॉरेन्सिकमध्ये जायचंय’ म्हटलं की आईबाबांच्या पोटात गोळा येतो. गुन्हेगारांशी गाठ, कोर्टाच्या चकरा, वर पगाराची शाश्वती नाही. मुलीच्या डोक्यात मात्र वेबसिरीज असते, चेहरा पाहून खुनी ओळखणारी. प्रत्यक्ष काम या दोन्ही चित्रांपेक्षा वेगळं आहे.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला, तेव्हा गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला प्रौढ मानायचं का, यावर घराघरांत वाद झाले. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १५ मध्ये याची रीत दिली आहे. किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप सोळा वर्षांवरच्या मुलावर असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती या गोष्टी पाहायच्या असतात. मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं.

मानसशास्त्रज्ञ मुलासमोर बसतो तेव्हा आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: मी तुझ्यावर उपचार करायला आलेलो नाही, तू सांगशील ते अहवालात येऊ शकतं. ‘तूच केलंस का?’ हा प्रश्न त्याच्या कक्षेतच नाही. समजा, पाचवीत शाळा सुटलेला, गॅरेजमध्ये राबणारा मुलगा आहे. बिने-कामत या बुद्धिमत्ता चाचणीत त्याचे गुण कमी आले. ही बुद्धीची मर्यादा, शाळा सुटल्याचा परिणाम, की भीतीने मुद्दाम दिलेली चुकीची उत्तरं? त्यासाठी आईला भेटायचं, शाळेचे दाखले पाहायचे, परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल वाचायचा, व्यसनाची आणि झोपेची चौकशी करायची, आणि मुलाला पुन्हा भेटायचं. तरीही एक अडचण उरतेच. चाचणी आजचं मन दाखवते, आणि कायद्याचा प्रश्न घटनेच्या दिवसाचा असतो. म्हणून अहवालात मुलाने काय सांगितलं, आपल्याला काय दिसलं आणि त्यावरून आपण काय ताडलं, हे वेगवेगळं लिहावं लागतं. ‘यावर मत देण्याइतका पुरावा नाही’ असं लिहिण्याची हिंमतही लागते. माझ्या मते या पेशाची खरी परीक्षा तिथेच आहे.

आईवडील वेगळे होताना मुलाच्या ताब्याचा दावा उभा राहतो, तिथे हा कस आणखी लागतो. आईवर उपचार करणाऱ्याने ताबा कोणाला द्यावा हे सांगू नये, आणि न भेटलेल्या वडिलांच्या स्वभावावर तर एक ओळही लिहू नये. फी कोणीही भरो, मत बदलता कामा नये. भारतीय साक्ष्य अधिनियमात तज्ज्ञाच्या मताला जागा आहे, पण निकाल न्यायाधीशांचाच. उलटतपासणीत वकील एकेका शब्दावर अडवतात, ते शांतपणे सोसावं लागतं.

शिक्षणाची वाट सरळ आहे, फक्त लांब आहे. बारावी कोणत्याही शाखेतून चालते. मग मानसशास्त्रात पदवी, पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं चिकित्सा मानसशास्त्राचं प्रशिक्षण व नोंदणी. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात फॉरेन्सिक मानसशास्त्र शिकवतात. मात्र नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर भुलून पैसे घालवू नका. अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, त्यामुळे प्रवेश घेण्याआधी परिषदेची चालू यादी स्वतः तपासा.

पालकांनो, सुरुवातीपासून फक्त कोर्टाच्या कामावर घर चालेल असं धरू नका. बहुतेकांना रुग्णालयात, संस्थेत किंवा स्वतःच्या क्लिनिकमध्ये आधी काही वर्षं घालवावी लागतात, आणि तोच अनुभव पुढे साक्ष देताना कामी येतो. मुलीला ऐकून घ्यायला आवडतं का आणि दहा पानं नेटकी लिहायचा कंटाळा येत नाही ना, हे दोन प्रश्न तिला आजच विचारा.