वेगमापक यंत्राची निवड

आंब्याच्या दिवसांत झाडावर दगड भिरकावला नाहीं असा मुलगा रत्नागिरींत विरळाच. तो दगड किती वेगानें गेला, असें विचारल्यास मात्र उत्तर देतां येत नाहीं. मग बंदुकीच्या न दिसणाऱ्या गोळीचा वेग कसा मोजावा, व त्यासाठीं यंत्र कोणतें निवडावें?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. २०२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिकमध्यें कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळे यांनीं रायफल नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. याच खेळांतील हवेच्या बंदुकीच्या प्रकारांत लक्ष्य १० मीटरांवर असतें व दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर रुंद असतो. हवेचा अडथळा वगळल्यास, सेकंदास १७० मीटर वेगानें सुटलेला छर्रा तेथवर सुमारें १७ मिलिमीटर खालीं येतो. १६० मीटर वेगानें सुटलेला १९ मिलिमीटर. हा फरक नेमबाजाच्या हाताचा दोष नव्हे, परंतु गुण त्याचेच जातात.

वेग मोजण्याची जुनी युक्ति बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें १७४२ सालीं प्रसिद्ध केली. हा गृहस्थ पुढें हिंदुस्थानांत आला व १७५१ सालीं येथेंच वारला. टांगलेल्या जड ठोकळ्यांत गोळी रुतवावी व ठोकळ्याचा झोका मोजावा, ही ती युक्ति. गोळी १० ग्रॅमची असून ठोकळा व गोळी मिळून ४ किलोग्रॅम भरत असतील, आणि ठोकळा सेकंदास १ मीटर वेगानें हलला, तर गोळीचा वेग ४०० मीटर होता हें उघड आहे.

आज दोन प्रकारचीं सुटसुटीत यंत्रें मिळतात. पहिल्यांत गोळी दोन प्रकाशद्वारांवरून जाते. अंतरास वेळेनें भागलें कीं वेग निघतो. हें स्वस्त असतें. परंतु बदलत्या उन्हांत तें चुकूं शकतें व नेम चुकल्यास यंत्रच फुटतें. दुसरें रडारचें. स्टेशनांतून न थांबतां जाणाऱ्या कोंकण रेल्वेच्या गाडीची शिटी आपल्याला ओलांडतांच खालच्या सुरांत उतरते, हें तुम्हीं ऐकलें असेलच. त्याच तत्त्वानें दूर जाणाऱ्या गोळीवरून परतलेल्या रेडिओलहरींची कंपनसंख्या घटते व त्या घटीवरून वेग कळतो. हें यंत्र बंदुकीच्या बाजूस ठेवतां येतें; गोळीच्या वाटेंत कांहींच मांडावें लागत नाहीं.

तरीहि महाग तें उत्तमच, असें समजूं नये. रडारची दिशा गोळीच्या वाटेशीं १० अंशांनीं तिरपी राहिली व यंत्रानें ती चूक सुधारली नाहीं, तर ३०० मीटरांचा वेग सुमारें २९५ दिसेल. छर्रा लहान, म्हणून त्यावरून परतणारी लहर क्षीण. हवेच्या बंदुकीचा आवाजहि मंद. केवळ मोठ्या आवाजानें जागें होणारें यंत्र तेथें स्वस्थ बसेल!

म्हणून यंत्र घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. मोजावयाची वस्तु केवढी व किती वेगाची? मोजणी उन्हांत कीं बंद जागेंत? दाखविलेला आंकडा दुसऱ्या रीतीनें पडताळतां येईल काय? पालकांस विनंति एवढीच कीं, असे प्रयोग घरीं होऊं देऊं नयेत. ते नेमबाजीच्या मैदानावर, शिक्षकांच्या देखरेखीखालींच व्हावे.

यंत्र आंकडा देतें; तो कितपत खरा, हें ठरविणें मात्र आपल्या बुद्धीचें काम आहे.