'पास झाली तरी पुष्कळ'

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या वॉचमनचं कुटुंब यादगीरहून आलंय. मुलगी सरकारी शाळेत सातवीला आहे. तिच्या बाई प्रेमळ आहेत, पण म्हणतात, "तिला कशाला ताण? पास झाली तरी पुष्कळ." अशा बोलण्यानं अभ्यासावर खरंच परिणाम होतो का?
— एक वाचक, जयनगर, बेंगळुरू

उत्तर : होतो. आणि बाई प्रेमळ असल्यामुळे तो कोणाच्या लक्षात येत नाही.

संशोधक रोझेंथाल आणि जेकबसन यांचा 1968 साली प्रकाशित झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना त्यांनी 'यंदा चमकणाऱ्या' मुलांची नावं दिली. ती मुळात कशीही, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. तरी पहिली-दुसरीतली ती मुलं वर्षअखेर बुद्धिमापनात पुढे गेलेली दिसली. या प्रयोगावर पुढे पुष्कळ आक्षेप आले. परिणाम वाटला तेवढा मोठा नसतो, पण गरीब आणि हिणवल्या गेलेल्या मुलांवर तो जास्त होतो, असं नंतरच्या अभ्यासांतून दिसलं.

कमी लेखलं जाण्याची जाणीवही परिणाम करते. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात पुकारली नाही तेव्हा दलित मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीनं होती. ज्या गटांत सर्वांसमोर जात पुकारली, तिथली दलित मुलं मागे पडली. मुलं तशीच, कोडी तीच.

वर्गात अपेक्षांचा हा परिणाम कसा घडतो? फळ्यावर अपूर्णांकांची वजाबाकी असते. 'हुशार' मुलगी अडखळली की बाई थांबतात, "छेद बघ गं" म्हणतात. वॉचमनच्या मुलीसारख्या एखादीची पाळी आली की दोन सेकंदांत, "बरं, बस. कोण सांगेल?" रागावत कोणीच नाही. पण वर्षभर असं झालं की मुलगी हात वर करणंच सोडते, आणि बाईंचा अंदाज खरा ठरतो.

याच्या उलट उदाहरण बघा. पुण्यात 1855 साली फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. शाळेनं तिच्या नुसत्या अक्षरओळखीवर समाधान मानलं नव्हतं.

वॉचमनला ड्यूटी सोडून पालकसभेला जाता येत नसेल, आणि शाळा त्याचा अर्थ 'आईबापांना पडलेलं नाही' असा लावत असेल. पुढच्या सभेला मुलीच्या आईबरोबर तुम्ही जा. पाचवीतलं काही कच्चं राहिलं असेल तर ते आधी पक्कं करून घ्यायला सांगा, आणि बाईंना एवढीच विनंती करा : तिला अवघड गणितही द्या, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.