दाखल्यांची पिशवी कोणाच्या हाती?

बारावीच्या निकालापासून प्रवेश निश्चित होईपर्यंतचे महिने आपल्या जिल्ह्यातील असंख्य घरांत ज्या चिंतेने व्यापलेले असतात, ती चिंता फी भरल्याची पावती हाती पडताच एकाएकी ओसरते. आता पुढचे सारे यथाक्रम होत राहील अशा समजुतीने पालक निर्धास्त होतात, आणि विद्यार्थीही पहिला आठवडा म्हणजे वेळापत्रक लागण्याची वाट पाहण्याचा, वर्ग कोठे भरतात ते दुरून न्याहाळण्याचा, जमल्यास आणखी चार दिवस गावीच काढण्याचा काळ असे मानून चालतो. या समजुतीने आपल्या मुलांची जेवढी हानी होते तेवढी कठीण प्रश्नपत्रिकेनेही होत नसावी, असे माझे मत आहे; कारण पुढील तीन-चार वर्षे विद्यार्थी त्या संस्थेत स्वतःच्या नावाने वावरणार की वडिलांच्या आडोशाने, याचा निर्णय बहुधा त्या आठवड्यातच होऊन जातो.

प्रवेशाच्या दिवसांत नगर, संगमनेर, श्रीरामपूर किंवा कोपरगाव येथील कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर रांग लागलेली असते, आणि तिच्यात हे दृश्य हटकून आढळते : खिडकीशी वडील किंवा मामा बोलत असतात, पिशवीतले दाखले एकेक करून तेच पुढे करतात, कारकुनाच्या प्रश्नाला तेच उत्तर देतात, आणि ज्याच्या नावाने हा सारा व्यवहार चालला आहे तो अठरा वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून उभा असतो. यात पालकांची माया आहे, आणि आयुष्यभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून मिळविलेला अनुभवही आहे. त्याचा अनादर कोणी करू नये. तथापि प्रवेश झाल्यावर ती पिशवी पालकांनी मुलाच्या हाती, आणि तितक्याच विश्वासाने मुलीच्या हाती, सोपविली पाहिजे, व पहिल्या आठवड्यात कार्यालयाशी, ग्रंथालयाशी, अध्यापकांशी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांशी होणारे प्रत्येक बोलणे त्या विद्यार्थ्यानेच केले पाहिजे, एवढेच या लेखात मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

विद्येसाठी परक्या गावी जाऊन एकट्याने उभे राहण्याची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. आपल्या महाविद्यालयांपैकी बहुसंख्य ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत ते १९४९ साली पुण्यास स्थापन झाले, आणि २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करते. त्या सावित्रीबाई स्वतः अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी नगरला मिस फरार यांच्या संस्थेत आल्या होत्या. ज्या काळी स्त्रीने अक्षर गिरविणे हाच अपराध गणला जाई, त्या काळी एका तरुण स्त्रीने परगावी येऊन शिकावे, याची कल्पना आजच्या विद्यार्थिनींनी जरूर करून पाहावी. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, ज्यांना पुढे सारा महाराष्ट्र सेनापती म्हणून ओळखू लागला, ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीच्या बळावर एडिंबरोपर्यंत पोहोचले. १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेजची स्थापना केली, पुढे संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत अशा तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघाली, आणि १९६८ साली राहुरीला कृषी विद्यापीठ उभे राहिले. त्यामुळे अंतर कमी झाले हे खरे, परंतु शाळा आणि विद्यापीठ यांतील जो मूलभूत भेद, तो अंतराने मिटत नाही. शाळेत मुलाची चौकशी मास्तर करीत, येथे चौकशी विद्यार्थ्यालाच करावी लागते.

शैक्षणिक वर्षाची रचना आता बदललेली असल्याने तर ही चौकशी अधिकच निकडीची झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे शिक्षण श्रेयांकांत मोजले जाते. व्याख्यानांच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास, प्रात्यक्षिकात तीस तास, आणि एका सत्रास साधारण बावीस श्रेयांक, असा हा हिशेब आहे. दोन श्रेयांकांचा एखादा विषय घेतला तर साऱ्या सत्रात त्याचे तास तीसच भरतात. हजेरीची मर्यादा पंच्याहत्तर टक्के धरली तर चुकविता येण्यासारखे तास जेमतेम सात उरतात, आणि जो विद्यार्थी ‘अजून कोठे शिकवायला सुरुवात झाली आहे’ म्हणून पहिला पंधरवडा गावी काढतो, तो त्यातले चार तास आरंभीच खर्च करून बसतो. पुढे सणवार आहेत, आजारपण आहे, बहिणीचे लग्न आहे. त्यांच्यासाठी मग शिल्लक राहतेच किती?

याच दिवसांत खुल्या ऐच्छिक विषयाची निवड करावी लागते. हा विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावयाचा असतो, त्याच्या जागा मर्यादित असतात, आणि बहुसंख्य विद्यार्थी मित्राने जो घेतला तोच घेऊन मोकळे होतात. वस्तुतः शेतकऱ्याच्या घरातून विज्ञान शाखेत आलेल्या मुलाने जमाखर्चाचा विषय घेतला, किंवा वाणिज्य शाखेच्या मुलीने भूगोल वा मानसशास्त्र निवडले, तर त्याचा उपयोग आयुष्यभर होण्याजोगा आहे. त्यासाठी विषयपत्रिका मागून घ्यावी, ती घरी नेऊन नव्हे तर त्याच आवारात बसून वाचावी, आणि जो विषय उमजत नसेल त्याच्या अध्यापकांना जाऊन विचारावे.

आता दाखल्यांसंबंधी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्या जिल्ह्यात शिक्षण सुटते ते पुष्कळदा बुद्धीच्या अभावी नव्हे, तर मुदतीत न मिळालेल्या कागदापायी. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचे प्रमाणपत्र, लागू असेल तेथे नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र, यांच्या साक्षांकित प्रती प्रवेशाच्या वेळी दिल्या म्हणजे काम संपले असे अनेकांना वाटते. शिष्यवृत्तीचा अर्ज हा प्रवेशाहून वेगळा व्यवहार आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षणशुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, मागासवर्गीय विद्यार्थ्यांची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, या सर्वांचे अर्ज विद्यार्थ्याने स्वतः महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरावयाचे असतात, मग महाविद्यालयाचे कार्यालय त्यांची तपासणी करते, आणि मंजूर झालेली रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून गेलेल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षणशुल्काची संपूर्ण माफी आहे. तिचा लाभही दाखल्यांवाचून मिळत नाही. कार्यालयात शिष्यवृत्तीचे काम कोणता कारकून पाहतो, त्याची वेळ कोणती, कोणत्या कागदाची मूळ प्रत लागेल आणि अखेरची तारीख काय, हे विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यातच विचारून वहीत टिपून ठेवावे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत तर ही गोष्ट कालहरण मुळीच सहन करीत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले आईवडील टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, कारखान्यांचा गाळप हंगाम संपेपर्यंत ते पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकात असतात, आणि नेमक्या त्या महिन्यांत मुलाला वडिलांची सही, उत्पन्नाचा नवा दाखला किंवा बँकेतली त्यांची उपस्थिती लागते. त्यात बहुतेक मुलांच्या आधारला भ्रमणध्वनी क्रमांक वडिलांचा नोंदलेला असतो. संकेतस्थळाने पाठविलेला सांकेतिक आकडा मग शेकडो मैलांवरच्या उसाच्या फडात जाऊन पडतो, तेथे फोनला चार्जिंग नसते, आणि इकडे अर्जाची मुदत टळते. यास उपाय अगदी साधा आहे. आईवडील गावी आहेत तोवरच आधारवर विद्यार्थ्याचा स्वतःचा क्रमांक नोंदवून घ्यावा, त्याच्या नावाचे बँकखाते आधारशी जोडावे, तहसीलचे दाखले सेवा केंद्रातून काढून ठेवावेत, आणि ज्या ज्या कागदावर पालकांची सही अथवा अंगठा लागणार आहे तो तो कागद कार्यालयातून आगाऊ मागून पुरा करून घ्यावा. एवढ्या तजविजीने एक संपूर्ण वर्ष वाचते.

अध्यापकांविषयी सांगावयाचे ते निराळ्या प्रकारचे आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात इंग्रजी व्याख्यान ऐकून भांबावतो, आजूबाजूच्या मुलांना सारे समजते आहे अशी त्याची समजूत होते, आणि न समजल्याची लाज वाटून तो मागच्या बाकावर सरकतो. एकदा मागे सरकलेला विद्यार्थी पुढे येण्यास फार काळ लागतो. वास्तविक त्याला विषय कळत नसतो असे नाही. पेशी, संवेग, मृदा हे शब्द त्याने शाळेत आत्मसात केलेले असतात, केवळ त्यांची इंग्रजी नावे त्याच्या अंगवळणी पडलेली नसतात. म्हणून प्रत्येक विषयाच्या वहीत शेवटची काही पाने या शब्दांसाठी राखावीत, व्याख्यानात आलेला अपरिचित शब्द जसा ऐकू आला तसा देवनागरीत लिहून घ्यावा, आणि त्याच दिवशी ग्रंथालयात जाऊन त्याचा मराठी प्रतिशब्द शोधून समोर मांडावा. तास संपल्यावर अध्यापकांना भेटून, शंका मराठीतच का होईना, विचारावी. आपल्या जिल्ह्यातील अध्यापकांपैकी कितीतरी जण याच मातीतून, याच माध्यमातून आलेले आहेत, आणि नाव सांगून उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला ते विसरत नाहीत. पहिल्या आठवड्यात प्रत्येक अध्यापकाला निदान एक प्रश्न विचारीन, असा निश्चय प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने करावा.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आणि त्याच्या कक्षेतील महाविद्यालयांत जाणाऱ्यांची स्थिती थोडी वेगळी आहे. येथे ‘दीक्षारंभ’ या नावाने प्रारंभीचा परिचयाचा कार्यक्रमच अभ्यासक्रमात घातलेला आहे. त्याला केवळ समारंभ समजून विद्यार्थी कंटाळतात, हे खेदकारक आहे. ज्या विद्यापीठाने भगवा डाळिंबासारखे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले, पश्चिम व उत्तर महाराष्ट्रातील दहा जिल्ह्यांची शेती ज्याच्या कार्यक्षेत्रात येते, त्याची प्रक्षेत्रे, त्याच्या रोपवाटिका आणि प्रयोगशाळा डोळे भरून पाहण्याची संधी त्या दिवसांत आयती लाभते. ज्याच्या वडिलांनी शेतात त्याच वाणाची झाडे लावली आहेत, त्या विद्यार्थ्याने तेथील शास्त्रज्ञांना घरच्या बागेतील तेल्या रोगाविषयी विचारावे. अभ्यासाची त्याहून उत्तम सुरुवात मला सुचत नाही.

ग्रंथालयाचे ओळखपत्र पहिल्या दोन दिवसांतच काढावे. पुण्यास गेलेल्यांनी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जयकर यांच्या नावाचे ग्रंथालय आत जाऊन पाहावे, आणि नगरला राहणाऱ्यांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाखेरीज १८३८ पासून चालत आलेले जिल्हा वाचनालयही आपलेच मानावे. ज्यांना घरून पैसे येण्याचा भरवसा नाही त्यांनी विद्यार्थी विकास मंडळाच्या कर्मवीर भाऊराव पाटील ‘कमवा व शिका’ योजनेत याच आठवड्यात नाव नोंदवावे. ग्रंथालयात किंवा बागेत काम करून शिकण्यात कसलाही कमीपणा नाही. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची एस.टी.ची मोफत प्रवासाची सवलत मुलींना बारावीपर्यंतच असते, म्हणून रोज ये-जा करणाऱ्या मुलींनी बोनाफाइड दाखला घेऊन सवलतीचा मासिक पास लगेच काढावा.

रॅगिंगची धास्ती पालकांना असते आणि ती निराधार नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून तो कायद्याने गुन्हा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम प्रत्येक संस्थेवर बंधनकारक आहेत, आणि १८००-१८०-५५२२ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. हा क्रमांक मुलाच्या व पालकांच्या, दोघांच्याही फोनमध्ये असावा. परंतु त्याहून मोठे संरक्षण म्हणजे घरी काहीही सांगता येते हा मुलाचा विश्वास, आणि तो पालकांनीच निर्माण करावयाचा असतो.

म्हणून पालकांना शेवटची विनंती अशी की, वसतिगृहात ठेवलेल्या मुलाला पहिल्या शनिवार-रविवारी गावी बोलावू नका. त्याच दोन दिवसांत खोलीतील सोबती एकमेकांना ओळखू लागतात, खानावळीची चव अंगवळणी पडते, गाव पायाखाली येते. आणि जो मुलगा शुक्रवारी दुपारीच एस.टी. गाठतो, तो पुढच्या सोमवारी पुन्हा नवखाच होऊन परततो. त्याला रोज फोन करा, जेवलास का हे अवश्य विचारा, आणि त्यापाठोपाठ आज कोणाला काय विचारलेस, हेही विचारा.