टक्केवारी नव्हे, गाडीवरचा ताबा तपासा

प्रश्न : पोलिओमुळे माझा उजवा पाय अधू आहे. प्रमाणपत्रावर ६० टक्के दिव्यांगत्व लिहिलंय. मला कारचं लायसन्स मिळेल का?

उत्तर : मिळू शकतं. प्रमाणपत्रावरचा आकडा शरीराची हानी सांगतो, गाडी चालवण्याची क्षमता नव्हे. हात बळकट असतील तर ऑटोमॅटिक गिअरच्या कारला हाताने चालणारा लिव्हर बसवता येतो : पुढे ढकलला की ब्रेक लागतो, मागे ओढला की वेग वाढतो. पायाचं काम हात करतो. म्हणून नजर, मान वळवणं, हातांची ताकद आणि अचानक ब्रेक लावायला लागणारा वेळ यांची तपासणी व्हावी, तीही तुम्ही चालवणार त्याच गाडीत. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ८व्या कलमाचा रोखही हाच आहे. धोका ठरणाऱ्या अपंगत्वामुळे लायसन्स नाकारता येतं. पण अर्जदार सक्षम असेल, तर बदल केलेल्या वाहनापुरतं देताही येतं.

‘रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाचं काय?’ हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचं उत्तर कडक चाचणी हे आहे, सरसकट नकार नव्हे. धडधाकट दिसणाऱ्या माणसाचीही नजर अधू असू शकते. सुरक्षितता हवी तर निकष सर्वांना एकच हवा. तेव्हा आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, आरटीओच्या मंजुरीने गाडीत बदल करा, आरसीवर नोंद करून घ्या आणि त्याच गाडीवर भरपूर सराव करून चाचणीला जा.