पडद्यामागचा संप वाचताना

२ मे २०२३ रोजी हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी काम थांबवलं आणि १४ जुलैला अभिनेतेही त्यांच्यामागोमाग रस्त्यावर उतरले. लेखकांचा संप १४८ दिवस चालला, अभिनेत्यांचा ११८ दिवस. या दोन्ही संघटना एकाच वेळी संपावर जाण्याचा प्रसंग याआधी १९६० साली आला होता आणि तेव्हा अभिनेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन.

मी इंग्रजी मालिकांची जुनी प्रेक्षक आहे आणि त्यांच्याविषयी मराठीत लिहितेही. त्या संपाच्या बातम्या मी सुरुवातीपासून अखेरपर्यंत वाचत राहिले. मनोरंजनाची बातमी नीट कशी वाचावी, हे मला त्या महिन्यांनी शिकवलं. तेच इथे मांडते आहे.

१. कोण कुणाशी भांडतंय, ते आधी नावानिशी समजून घ्यावं

‘हॉलिवूड संपावर’ या मथळ्यातून काहीच कळत नाही. लेखकांची संघटना म्हणजे रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका, सभासद सुमारे साडेअकरा हजार. अभिनेत्यांची संघटना सॅग-आफ्ट्रा, सभासद सुमारे एक लाख साठ हजार. त्यात मोठे तारे मूठभरच. बाकीचे छोट्या भूमिका करणारे, स्टंट करणारे, आवाज देणारे आणि गर्दीत उभे राहणारे. समोर एएमपीटीपी ही निर्मात्यांची संघटना. तिच्यात डिस्ने, वॉर्नर, युनिव्हर्सल, पॅरामाउंट, सोनी हे जुने स्टुडिओ आहेत, तसेच नेटफ्लिक्स, ॲमेझॉन आणि ॲपलही आहेत.

या कंपन्यांचे धंदे एकसारखे नाहीत. कुणाची भिस्त जाहिरातींवर, कुणाची वर्गणीवर, तर कुणाचा मुख्य व्यवसाय फोन विकण्याचा. तरी वाटाघाटीला त्या एकत्र बसतात. दिग्दर्शकांच्या संघटनेने मात्र जूनमध्येच करार केला आणि ती संपात उतरलीच नाही. हे चित्र डोक्यात असलं की ‘बोलणी फिसकटली’ असं वाचल्यावर पहिला प्रश्न आपोआप सुचतो: कुणाची, कुणाशी?

२. बातमी देणाऱ्याचा मालक कोण, हे पाहावं

अमेरिकेत मनोरंजन व्यवसायाची बातमी प्रामुख्याने तीन ठिकाणी फुटते: १९०५ पासून चालत आलेलं ‘व्हरायटी’, १९३० चं ‘हॉलिवूड रिपोर्टर’ आणि इंटरनेटवर जन्मलेलं ‘डेडलाइन’. ही तिन्ही आता पेन्स्के मीडिया या एकाच समूहाच्या छत्राखाली आहेत. दूरचित्रवाणीच्या बातम्यांचंही तसंच. एबीसी डिस्नेची, एनबीसी कॉमकास्टची, सीबीएस पॅरामाउंटची. म्हणजे संपाची बातमी सांगणाऱ्या वाहिनीचा मालक त्याच संपात एक पक्षकार होता.

म्हणून तिथले पत्रकार खोटं लिहीत होते, असं मुळीच नाही. उत्तम, कष्टाचं वार्तांकन मी तिथेच वाचलं. पण तीन ठिकाणी तीच बातमी दिसली म्हणजे तिला तीन स्वतंत्र दुजोरे मिळाले, असं धरायचं नाही. मी त्यांच्या जोडीला ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ वाचत असे, कारण ते त्या शहराचं वर्तमानपत्र आहे. हॉटेल, गाड्या, कपडे, जेवण पुरवणाऱ्यांचं काय होतंय, हे तिथे कळायचं.

३. निनावी वाक्याशेजारची तारीख वाचावी

११ जुलैला ‘डेडलाइन’ने एक बातमी दिली. स्टुडिओच्या एका निनावी अधिकाऱ्याच्या म्हणण्यानुसार, लेखकांची घरं हातची जायला लागेपर्यंत हे प्रकरण ताणायचं असा बेत होता. एएमपीटीपीने लगेच सांगितलं की ही निनावी माणसं आमच्या वतीने बोलत नाहीत. आता तारीख पाहा. अभिनेत्यांच्या कराराची वाढवलेली मुदत दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैच्या मध्यरात्री संपणार होती. लेखकांना घाबरवण्यासाठी ते वाक्य बाहेर आलं असेल, तर परिणाम नेमका उलटा झाला. दोन्ही संघटनांची माणसं जास्तच घट्ट एकत्र आली.

ऑगस्टमध्येही तसंच. निर्मात्यांनी ११ ऑगस्टला लेखकांपुढे ठेवलेला प्रस्ताव २२ ऑगस्टला जाहीर करून टाकला, तोही बड्या कंपन्यांचे प्रमुख लेखकांच्या प्रतिनिधींना भेटले त्याच दिवशी. बंद खोलीतला कागद जाहीर होतो, तेव्हा तो समोरच्या नेत्यांना उद्देशून नसतो. त्यांच्या सभासदांनी आपल्याच नेत्यांवर दबाव आणावा, यासाठी असतो. संपाच्या काळातली बातमी हीच अनेकदा वाटाघाटीतली एक चाल असते. हे मला तेव्हा उमगलं आणि आता कुठल्याही संपाची बातमी मी तशीच वाचते.

४. दोन विरुद्ध दावे असतील तर दोन्ही लिहून ठेवावेत

१३ जुलैच्या पत्रकार परिषदेत सॅग-आफ्ट्राचे मुख्य वाटाघाटीकार डंकन क्रॅबट्री-आयर्लंड यांनी सांगितलं की गर्दीतल्या कलाकाराचं शरीर एकदा स्कॅन करायचं, त्याला एका दिवसाचा पगार द्यायचा आणि ती प्रतिमा पुढे कायम वापरायची, असा निर्मात्यांचा प्रस्ताव आहे. निर्मात्यांनी ते नाकारलं. वापर त्याच चित्रपटापुरता आणि पुढच्या वापराला संमती लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. समाजमाध्यमांवर पहिला दावा वाऱ्यासारखा पसरला, दुसरा फार थोड्यांनी वाचला. मी वहीत दोन रकाने आखून दोन्ही उतरवून घेतले. नोव्हेंबरचा करार आला तेव्हा त्यातल्या संमती आणि मोबदल्याच्या अटी या दोन रकान्यांशेजारी ठेवून वाचता आल्या.

५. पडदा कोणत्या क्रमाने रिकामा होतो, ते पाहावं

लेखकांचा संप सुरू झाला त्याच दिवशी रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम बंद पडले: कोल्बेअर, फॅलन, किमेल, मायर्स. त्यांचे विनोद त्याच दिवशीच्या घडामोडींवर लिहिलेले असतात, त्यामुळे लेखक नाही तर कार्यक्रम नाही. मालिकांचे तयार भाग मात्र पुढे दिसत राहिले. आपल्याकडे दैनंदिन मालिकांची ‘बँक’ असते, म्हणजे आधीच चित्रित केलेल्या भागांचा साठा. तोच प्रकार तिथे मोठ्या प्रमाणावर होता. फटका शरद ऋतूत जाणवला. वाहिन्यांनी स्पर्धांचे आणि रिॲलिटी कार्यक्रम वाढवले. सीबीएसने तर ‘यलोस्टोन’चे जुने भाग मुख्य वेळेत लावले. सप्टेंबरचा एमी सोहळा जानेवारी २०२४ वर गेला. ‘ड्यून’चा दुसरा भाग नोव्हेंबरऐवजी मार्चमध्ये आला.

चित्रपट तयार असूनही पुढे का ढकलला? कारण संपावर असलेल्या नटांना प्रसिद्धीलाही मनाई होती. १३ जुलैला लंडनमध्ये ‘ओपनहायमर’च्या पहिल्या खेळाला कलाकार आले आणि चित्रपट सुरू होण्याआधीच निघून गेले. मुलाखत, लाल गालिचा, समाजमाध्यमावरचा एखादा मजकूर हे सगळं पगारी कामाचाच भाग आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. आपला आवडता नट गप्प का, म्हणून त्याच्यावर चिडणाऱ्या चाहत्यांना मी हेच सांगत असे.

६. भांडण पैशाचं असेल तर पैशाची वाट शोधावी

या संपाचा गाभा इथे आहे. अमेरिकन लेखक-नटांना मानधनाखेरीज पुनर्वापराचा मोबदलाही मिळतो. मालिका पुन्हा दाखवली, दुसऱ्या वाहिनीला विकली, परदेशी गेली, की थोडे पैसे येतात. दोन कामांच्या मधल्या कोरड्या महिन्यांत घर चालतं ते यावर. १९६० च्या संपातही चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवल्याचा मोबदला हाच मुद्दा होता. त्या लढ्यातून पुनर्वापराचे हक्क मिळाले आणि आरोग्य व निवृत्तिवेतनाच्या निधीचा पायाही घातला गेला.

ओटीटीने ही वाट अरुंद केली. मालिका एका ठिकाणी कायमची पडून राहते, पुन्हा विकली जात नाही आणि ती किती लोकांनी पाहिली हे फक्त कंपनीला ठाऊक. हंगामही बावीस-चोवीस भागांवरून आठ-दहा भागांवर आले. त्यात लेखकांचा छोटा गट थोडे आठवडे बसवून मालिका सुरू होण्याआधीच लेखन उरकण्याची पद्धत आली. यशाची मोजणीच उघड नसेल, तर यशातला वाटा मागायचा कसा?

एक आकडा मी कायम लक्षात ठेवला आहे. सॅग-आफ्ट्राचा आरोग्य विमा मिळायला तेव्हा वर्षाला २६,४७० डॉलर कमाई लागत होती आणि बहुतेक सभासद तिथपर्यंत पोहोचतच नव्हते. ‘नटांना कशाला हवेत आणखी पैसे’ या प्रश्नाला हा आकडा पुरेसा आहे. माझी एक मैत्रीण मुंबईत मालिकांचे संवाद लिहिते. काम केल्यावर नव्वद दिवसांनी पैसे येण्याची रीत तिच्या अंगवळणी पडली आहे. तिला हा हिशेब समजावून सांगावा लागला नाही.

७. मोठा आकडा ‘अंदाज’ म्हणूनच वाचावा

कॅलिफोर्नियाच्या अर्थव्यवस्थेचं पाच अब्ज डॉलरचं नुकसान, असं सगळीकडे छापून आलं. हा अर्थतज्ज्ञांचा अंदाज होता. मागच्या संपावरून आणि पसरलेल्या उद्योगावरून बांधलेला. मथळ्यात मात्र तो मोजलेला आकडा होऊन बसला. मी त्यापेक्षा माणसांकडे पाहिलं. प्रकाशयोजनाकार, सुतार, रंगभूषाकार, जेवण पुरवणारे, गाड्या चालवणारे हे संपावर नव्हते, तरी त्यांचं काम थांबलं होतं. परदेशी चित्रपटांचं व्हीएफएक्सचं काम करणाऱ्या मुंबईतल्या तरुणांपर्यंतही ही कळ पोहोचली. संपाची किंमत सगळ्यांत जास्त त्यांनी मोजली, ज्यांचं नाव कुठल्याच मथळ्यात नव्हतं. लेखकांची बाजू मनापासून पटत असतानाही ही गोष्ट विसरायची नाही, असं मी ठरवलं.

८. संप मिटल्यावरच खरं वाचन सुरू होतं

‘तोडगा निघाला’ या मथळ्यानंतर बहुतेकांचं लक्ष उडतं. पण वाचण्याजोगा कागद त्यानंतरच येतो. संपाच्या आरंभी लेखकांच्या संघटनेने एक तक्ता जाहीर केला होता: एका बाजूला आमची मागणी, दुसऱ्या बाजूला निर्मात्यांचं उत्तर. संघटनेच्या हिशेबाने मागण्यांचं मोल वर्षाला ४२ कोटी ९० लाख डॉलर होतं आणि निर्माते देऊ करत होते ८ कोटी ६० लाख. सप्टेंबरअखेर झालेल्या कराराचं मोल संघटनेने २३ कोटी ३० लाख सांगितलं. म्हणजे मागितलं तेवढं मिळालं नाही, पण देऊ केलं होतं त्याच्या अडीचपटीहून अधिक मिळालं. ‘कोण जिंकलं’ या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला कुठल्या चर्चेत ऐकायला मिळालं नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं कलम याच तक्त्यात सर्वांत बोलकं आहे. मे महिन्यात लेखकांनी तिच्या वापरावर बंधनं मागितली, तेव्हा निर्मात्यांनी तंत्रज्ञानावर चर्चा करायला वार्षिक बैठका देऊ केल्या होत्या. पाच महिन्यांनी करारात लिहिलं गेलं की यंत्राने तयार केलेला मजकूर लेखन म्हणून धरला जाणार नाही, लेखकावर ते साधन वापरण्याची सक्ती नसेल आणि कंपनीने असा मजकूर हाती दिला तर तसं सांगावं लागेल. बैठकीच्या आश्वासनापासून लेखी अटीपर्यंतचं हे अंतर संपाने कापलं.

मतदानही वाचावं. लेखकांनी करार ९९ टक्के मतांनी स्वीकारला. अभिनेत्यांच्या कराराला ७८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. यंत्राने बनवलेल्या कलाकारांविषयीची कलमं पुरेशी कडक नाहीत, असं अनेक सभासदांना वाटत होतं. संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षा फ्रॅन ड्रेशर यांनी विजय जाहीर केला तरी ही नाराजी त्या मतांमध्ये नोंदली गेली आहे.

आणि डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने आपल्या अठरा हजारांहून अधिक शीर्षकांचे पाहण्याचे तास प्रसिद्ध केले. अनेक वर्षं झाकून ठेवलेली मोजणी उघडी झाली. यामागे एकटा संप होता असं कुणी म्हणू नये, पण संपाने तो प्रश्न इतका मोठा केला होता की गप्प राहणं अवघड झालं.

९. दूरच्या संपातून जवळचे प्रश्न दिसतात, ते टाळू नयेत

आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्या लेखक-गीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला, की तो करारात सोडूनही देता येत नाही. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आग्रहाने मांडणी केली. कायदा आहे. पण हातात मोबदला येण्यासाठी संघटना, हिशेब आणि चिकाटी लागते, हे लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर दिसलं. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन तेव्हा अमेरिकन लेखकांच्या पाठीशी उभी राहिली, ती याच जाणिवेने.

मराठी मालिकांच्या बातम्या मात्र अजून टीआरपी, लग्नं आणि कलाकाराने मालिका का सोडली यांपलीकडे फारशा जात नाहीत. लेखकाला एका भागाचे किती मिळतात, पैसे कधी मिळतात, मालिका ओटीटीवर गेल्यावर त्याला काही मिळतं का, हे प्रश्न आपल्या मनोरंजनाच्या पानावर यायला हवेत. पत्रकारांनी ते विचारावेत आणि आपण वाचकांनी त्यांची मागणी करावी. मालिका आवडते म्हणणाऱ्या प्रेक्षकाला, ती लिहिणाऱ्याचं घर नीट चालतं का, हे विचारण्याचा अधिकार आहे आणि माझ्या मते ते त्याचं कर्तव्यही आहे.