तीर्थाची वाट राखावी

'तीर्थ' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरणे या धातूपासून झाला. ज्याच्या योगाने तरून जावे ते तीर्थ. पण भाविकहो, जे आपल्याला तारते त्यालाच आपण बुडवू लागलो, तर तरावे कशाच्या बळावर? एवढाच विचार या पाठात करू.

चंद्रभागेत बुडी मारताना ती आली कुठून, हे आपण मनात आणीत नाही. ती भीमाच. सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरी तिचा उगम. तुळापुरास ज्ञानोबा-तुकोबांची इंद्रायणी तिला मिळते, आणि पंढरीस ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. तेव्हा उगमाचे रान हे वारकऱ्याचेच रान झाले. सरकारने १९८५ साली त्याचे अभयारण्य केले. त्याआधी कित्येक पिढ्या तिथल्या देवराया गावकऱ्यांनी देवाच्या धाकाने राखल्या.

या रानात शेकरू राहते. तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. उंच झाडावर काटक्यापानांचे घरटे बांधते, फांदीवरून फांदीवर झेप घेते, भुईवर सहसा उतरत नाही. फांदीला फांदी लागलेली असणे, हीच त्याची वाट.

आता आमचीच चूक सांगतो. एके वर्षी मंडळींसह खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकर चढत होतो. वळणांचा कंटाळा आला, म्हणून मधूनच झाडीत शिरलो. तिथले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बुवा, तुमचं एक पाऊल, पर मागनं शंभर येत्यात." आम्ही निरुत्तर! जन्मभर पुराण सांगितले आम्ही, आणि धडा दिला त्यांनी.

कारण पाहा. पाय पडून माती दडपते, पाणी मुरत नाही, धावते. पावसाळ्यात त्या आडवाटेची घळ होते, आणि माती वाहून जाते. तिथे रोप जीव धरत नाही. पुढे म्हातारे झाड कोसळले की त्याच्या जागी तरुण झाड नसते. फांद्यांची साखळी तुटते, शेकरू भुईवर उतरते आणि कुत्र्यांच्या तोंडी पडते. कुठे आमचे पाऊल, कुठे त्याचे मरण! नकळत झाली तरी हिंसाच ती.

म्हणून नेम एवढेच. मळलेली वाट सोडू नये. नेलेली प्लास्टिकची पिशवी परत आणावी. वानराला, शेकरूला फरसाण घालू नये. ते अन्नदान नव्हे, त्याने प्राणी रानचे फळ सोडून माणसामागे लागतो. चुलीसाठी ओली फांदी मोडू नये. टाळ देवळात वाजवावेत, रानातून जाताना नाम मुखातल्या मुखात घ्यावे. ते देवाला ऐकू येते, बरं का!

एकादशी जशी पाळतो तसे हे पाळावे. येत्या वारीत चंद्रभागेचे पाणी ओंजळीत घ्याल, तेव्हा उगमीच्या त्या झाडांची एकवार आठवण करा.

राम कृष्ण हरी.