बयाणा, बुरूज आणि एक गृहस्थ

दुसऱ्याच्या फर्माईशीवरून प्लास्टिकचा रणगाडा बांधून देण्याचे पत्करू नये, आणि भिडेस्तव पत्करावेच लागले तर त्याच्या रंगाची गोष्ट काढण्यापूर्वी त्याच्या खडबडीतपणाविषयी लेखी कबुली घ्यावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु ज्या गृहस्थांच्या कृपेने हे शहाणपण माझ्या पदरात पडले त्यांची हकीकत ऐकल्यावाचून ते कोणास पटेल असे वाटत नाही, आणि खरे म्हणजे ती सांगितल्यावाचून मलाही राहवत नाही.

फर्माईश होती आयएस-२ ची. स्तालिनच्या नावाने चेल्याबिन्स्कच्या कारखान्यातून १९४३ च्या अखेरीपासून बाहेर पडू लागलेल्या ४६ टनी अवजड रणगाड्याची, १/३५ प्रमाणात, १९४४ च्या रचनेत, आणि १९४५ च्या एप्रिलात बर्लिनमध्ये शिरताना तो जसा दिसत असे तशाच रूपात. "अगदी अस्सल हवा हं, खर्चाकडे पाहू नका," असे म्हणून किट आणि रंग यांपुरता बयाणा त्यांनी माझ्या हाती ठेवला. खर्चाकडे पाहू नका असे सांगणाऱ्या माणसाच्या हिशेबाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

ज्या रणगाड्यात चार माणसे, १२२ मिलिमीटरची तोफ आणि तिचे अवघे २८ बार, तेही गोळा वेगळा व दारू वेगळी अशा रीतीने भरावयाचे, एवढा संसार कोंबलेला होता, त्याचा बुरूज साच्यात ओतलेला असे. आणि आघाडीवर गाड्या रवाना करण्याची निकड असताना ओतकामाचे व्रण घासून काढण्यास कोणालाही फुरसत नव्हती. किटमधला बुरूज मात्र साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत येतो. म्हणून पुट्टी द्रव सिमेंटात पातळ करून, केस आखूड कापलेल्या जुन्या ब्रशाने उभे टोचे मारीत ती बुरुजावर बसवावी आणि पुरती वाळल्यावर बारीक पॉलिश पेपराने केवळ तिची टोके मोडावीत. हा संस्कार बुरूज आणि तोफेच्या मुळाशी असणारी ढाल यांवर करावा. बाजूंच्या लाटीव पत्र्यांना स्पर्शही करू नये, कारण ओतीव आणि लाटीव पोलादातली तफावत दिसली नाही तर सगळा खटाटोप व्यर्थ. पट्ट्यांविषयीही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: या गाडीला वरच्या अंगाला प्रत्येक बाजूस तीन लहान चाके असतात, तेव्हा पट्टा त्या चाकांच्या मधल्या जागीच किंचित झोल खातो, टी-३४ प्रमाणे तो मोठ्या चाकांवर आडवा पडलेला दाखवणे हे शुद्ध अज्ञान होय. आणि बुरुजाभोवतीचा तो पांढरा पट्टा, जो आपल्या व दोस्तांच्या विमानांनी चुकून मारा करू नये म्हणून लढाईच्या गर्दीत हाताने ओढला जाई, तो मीही हातानेच ओढला.

सांगाडा जोडून झाल्यावर गृहस्थांनी एक छायाचित्र धाडून नाकाड पायरीचे करावे अशी सूचना केली. पायरीचे नाक आणि चालकाची उघडझाप होणारी झडप १९४३ च्या रचनेत होती. १९४४ पासून पुढची ढाल सरळ उतरती झाली आणि चालकास पाहण्यापुरती फट उरली. त्यांनी मागितला होता १९४४ चा. मी नकार दिला. त्याचा राग त्यांनी मनात जपून ठेवला असावा.

ताबा देण्याच्या दिवशी त्यांनी खणातून भिंग काढले, आणि ज्या बुरुजावर माझ्या कित्येक रात्री खर्ची पडल्या होत्या त्यावरून नख फिरवीत म्हणाले, "अहो, हे घासायचं राहून गेलं की!" मी ओतकामाची हकीकत सांगितली. "ते रशियाचं राहू द्या हो, मी पैसे फिनिशिंगचे मोजतोय. आणि हा पट्टा? टेप लावली असती तर सरळ नसता आला?" अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयात पाकिस्तानकडून काबीज केलेला पॅटन उभा आहे, त्याचा ओतीव बुरूज एकवार जवळून पाहून यावा, अशी मी विनंती केली. "तो अमेरिकन. तुम्हीच रशियन म्हणालात ना?" यावर कोणते उत्तर द्यावे? मग त्यांनी काचेच्या कपाटातून चकाकणारी एक खेळण्यातली मोटार काढली, माझ्या रणगाड्याच्या शेजारी ठेवली आणि काहीही न बोलता एकदा तिच्याकडे व एकदा माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मला लख्ख उमगले की या गृहस्थांना रणगाडा नकोच होता. त्यांना त्या मोटारीचे हिरवे भावंड हवे होते. सफाईच्या नावाखाली उरलेल्या रकमेतून एक तृतीयांश वजावट झाली, आणि राहिलेल्या रकमेला "पुढच्या महिन्यात" अशी मुदत मिळाली.

म्हणून सांगतो. प्लास्टिकच्या एका तुकड्याचा अर्धा भाग गुळगुळीत ठेवून अर्ध्यावर पुट्टीचे टोचे मारावेत, त्यावर हिरवा रंग चढवावा, आणि गिऱ्हाइकास जो भाग पसंत असेल त्याच्या मागे त्याची सही घ्यावी. कोणत्या साली बनलेली गाडी, कोणत्या छायाचित्रावरून, हे कागदावर उतरवून घ्यावे. तोफेची नळी धातूची मागितल्यास तिचा खर्च निराळा लिहावा. रंग चढवण्यापूर्वी निम्मी रक्कम आणि ताबा देण्यापूर्वी बाकीची वसूल करावी. स्नेहसंबंध मध्ये आणू नयेत. एनॅमलच्या वॉशमधले थिनर ताण असलेल्या सांध्यांत साचू देऊ नये, प्लास्टिकला तडे जातात, आणि तडा आपल्या घरी न दिसता नेमका त्यांच्या घरी दिसतो. मऊ व्हिनाइलचे काही पट्टे न रंगवलेल्या प्लास्टिकला कालांतराने खातात, त्यांचाही दोष बांधणाऱ्याच्याच माथी येतो. बाकी उजेड पुरेसा असावा, खिडकी उघडी असावी, घाई करू नये, हे सर्वांना ठाऊक आहेच.

परवा आमच्या उभयतांच्या परिचयातील एका डॉक्टरांकडून समजले, की गृहस्थ हल्ली पाहुण्यांना भिंग देऊन तोच बुरूज दाखवितात आणि "युद्धकाळातलं ओतकाम असंच खडबडीत असायचं बरं का," असे सांगतात. त्याच सायंकाळी बाकी रकमेचे, वजावटीसकट, स्मरणपत्र मी रवाना केले आणि सोबत पॅटनच्या बुरुजाचे छायाचित्रही जोडले. पोच अद्याप आलेली नाही.